पाण्याची सफाई करणारे जीव: कोणता सोडावा, कोणता नको

गटांकडून हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो आहे. कुणी विचारते, नवे शेततळे भरले आणि महिन्याभरात पाणी हिरवेगार झाले, ठिबकच्या नळ्या तुंबायला लागल्या, त्यात काय सोडू? कुणी विचारते, शेळ्यांच्या हौदाला शेवाळ धरते, गोगलगायी सोडल्या तर खाऊन टाकतील का? कुणाच्या मुलाने नाशिकहून येताना माशांची काचेची टाकी आणली आहे आणि टाकी साफ ठेवतो म्हणून एक काळा मासाही सोबत आणला आहे. तो आता हातभर होत चालला, त्याचे काय करू?

प्रश्न तीन असले तरी मुळात एकच आहे. पाण्याची सफाई करायला कोणता जीव ठेवावा? म्हणून आज त्यावर बोलू.

पहिली गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळे तिच्यावरच उभे आहे. घाण खाऊन नाहीशी करणारा जीव कुठेच नाही. मासा असो, गोगलगाय असो की खेकडा, जो खातो तो विष्ठाही टाकतो. शेवाळ त्याच्या पोटात जाते, थोडे अंगी लागते, उरलेले परत पाण्यात पडते. त्याच विष्ठेचे खत होऊन पुन्हा शेवाळ वाढते. म्हणून सफाईचा जीव आपल्याला मदत करतो, पण आपले काम संपवत नाही. घाण येण्याची वाट आपणच बंद करायची असते.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा धडा

मोठ्या शहरांत काही हौशी लोक घरात काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले, समुद्रासारखे खारे पाणी त्यात ठेवावे लागते. या टाकीत ते सफाईसाठी वेगळे जीव ठेवतात. काच आणि दगड खरवडणाऱ्या समुद्री गोगलगायी, रिकाम्या शंखात राहणारे छोटे खेकडे, उरलेसुरले अन्न टिपणारी कोळंबी, असे ते पथक असते.

नवी टाकी आणली की पुष्कळ जण पहिल्याच दिवशी हे सगळे विकत आणून सोडतात. आठ-पंधरा दिवसांत निम्मे मरतात. कारण साधे आहे. नव्या टाकीत शेवाळच नसते, मग त्यांनी खायचे काय? आणि मेलेला जीव सडून पाणी आणखी बिघडवतो.

खरे सफाई कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. ते जिवाणू असतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो माशाला विषासारखा असतो. काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना त्यामानाने कमी घातक असते. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पाण्याला विरजण लागावे लागते. दुधात विरजण घालून लगेच ताक घुसळायला बसले तर लोणी येईल का? तसेच हे आहे. जुन्या चांगल्या टाकीतली मूठभर वाळू नव्या टाकीत टाकली की विरजण लवकर लागते.

मग काचेवर आधी तपकिरी थर येतो, त्यानंतर हिरवा. हिरवा दिसला की दोन-चार गोगलगायी आणायच्या, त्या जगतात का ते पाहायचे, मगच पुढच्या. जाणती माणसे असेच करतात.

आणखी एक गोष्ट ते शिकलेले असतात. समुद्रातला कोणताही जीव उचलून आणता येत नाही. तळची वाळू चाळून साफ करणारी समुद्रकाकडी, तसेच प्रवाळ आणि समुद्रघोडा, यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतले गेले. ते पकडणे आणि विकणे गुन्हा आहे.

आपल्याकडे समुद्र नाही, पण या टाकीतून चार प्रश्न आपण घेऊ शकतो. कोणताही जीव पाण्यात सोडण्याआधी ते विचारायचे.

एक, याला खायला इथे आत्ता काय आहे?
दोन, हा केवढा होणार आणि याची पिल्ले किती होणार?
तीन, याच्यामुळे माणसाला किंवा जनावराला काही आजार होईल का?
चार, हा कुठला आहे, आणि उद्या ओढ्यात-नदीत गेला तर काय करील?

आता हे चार प्रश्न घेऊन आपल्या अंगणात आणि शेतात येऊ.

घरचा हौद आणि वापराच्या पाण्याची टाकी

इथे खरी अडचण शेवाळाची नाही, डासांची आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून जे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करता येते, त्यात कोणताच मासा सोडायची गरज नाही. रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, हे सगळे त्यात आले. कोरडा दिवस पाळला की काम झाले.

पण सिमेंटचा मोठा हौद, बांधकामाची टाकी, वापरात नसलेली विहीर, ही दर आठवड्याला उपसता येत नाही. तिथे गप्पी मासा उपयोगी पडतो. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणून तो पाण्याच्या पृष्ठभागावर आलेल्या डासांच्या अळ्या नेमक्या टिपतो. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो, आणि साधारण महिन्याला नवी वीण होते. पाच-दहा जोड्या सोडल्या की पुढे आणाव्या लागत नाहीत. आरोग्य खात्याकडून हे मासे मिळतात. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

तीन गोष्टी सांभाळा. टीसीएल पावडर टाकलेल्या ताज्या पाण्यात मासा सोडू नका, तो मरतो. पाणी एक-दोन दिवस उघड्यावर राहू द्या. दुसरे, गप्पीला चपातीचे तुकडे घालू नका. पोट भरलेला मासा अळ्या कमी खातो आणि उरलेली चपाती पाणी नासवते. तिसरे, गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. तो हौदातच ठेवायचा. नदीत, ओढ्यात, गावतळ्यात सोडायचा नाही, कारण तिथे तो आपल्या देशी माशांची अंडी आणि पिल्ले खातो.

मासे असलेल्या हौदातले पाणी वापराचे समजा. पिण्याचे पाणी वेगळे, झाकून ठेवा.

जनावरांचा हौद

इथे आमचे उत्तर सरळ आहे. काहीही सोडू नका, गोगलगाय तर मुळीच नाही.

पाण्यातल्या काही गोगलगायींच्या अंगात जनावरांच्या यकृतातला चपटा कृमी वाढतो. त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात. आजारी जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीच्या शरीरात शिरते, तिथे तिची संख्या वाढते, मग ती बाहेर पडून काठच्या गवताला चिकटते. ते गवत शेळी, मेंढी, गाय, म्हैस खाते आणि कृमी तिच्या यकृतात पोचतो. जनावर खंगते, दूध आटते, डोळ्याच्या आतली पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. शेवाळ खाईल म्हणून आणलेली गोगलगाय अशी शेळीच्या जिवावर उठू शकते. जबड्याखाली सूज दिसली तर घरचे उपाय करत दिवस घालवू नका. पशुसखीला सांगा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

हौदाला खराटा आणि चुना यांच्यासारखा सफाई कामगार नाही. पंधरवड्याला हौद रिकामा करा, खराट्याने घासा, आतून चुना लावा, वाळू द्या, मग भरा. सांडलेल्या पाण्याचे डबके हौदाभोवती राहू देऊ नका. शेवाळही जाते, गोगलगायही जाते आणि डासही जातो.

नवे शेततळे

आता मोठा प्रश्न. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शेततळी वाढली. आपल्या जिल्ह्यात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षाला, सटाणा-मालेगावच्या डाळिंबाला, चांदवड-येवल्याच्या कांद्याला ही तळी आधार देतात. बहुतेकांत प्लॅस्टिकचे अस्तर असते. अस्तरामुळे पाणी मुरत नाही, पण तळाला मातीही नसते. म्हणजे पहिले काही आठवडे ते तळे काचेच्या नव्या टाकीसारखेच असते. त्यात विरजण लागलेले नसते. बोअरचे ताजे पाणी असेल तर त्यात प्राणवायूही कमी असतो. म्हणून तळे भरल्या भरल्या मासे सोडू नका. निदान दोन-तीन आठवडे ऊन-वारा लागू द्या.

मग हिरवेपणा कोणता आहे ते पाहा. एक हिरवेपणा दिसतो केसांसारखा, गोळे गोळे होऊन काठाला आणि तळाला चिकटलेला. दुसऱ्यात पाणीच हिरवे होते, काचेच्या ग्लासात घेतले तरी हिरवट दिसते. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पाणवनस्पती आणि कोवळे तंतूंचे शेवाळ असेल तर गवत्या मासा खातो. हा चीनकडचा मासा १९५९ साली भारतात आणला गेला. तो भरपूर खातो, पण खाल्लेल्यातले जवळजवळ निम्मे न पचता बाहेर टाकतो. म्हणजे गवत जाते आणि पाण्याला खत मिळते. गवत्या जास्त सोडले तर वनस्पती संपतात आणि पाणी आणखी हिरवे होते. म्हणून एकूण माशांत त्याचा वाटा शंभरात पाच-दहाच ठेवा.

पाणीच हिरवे असेल तर चंदेरा मासा ते सूक्ष्म शेवाळ कल्ल्यांनी गाळून खातो. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, आणि मृगळ तळाशी पडलेला कुजका गाळ खातो. तळाची सफाई म्हणायची तर ती मृगळाची. एकाच जातीचे मासे न सोडता तिन्ही थरांचे सोडायचे ते यासाठीच. शिवाय हे मासे साचलेल्या तळ्यात वीण करत नाहीत, त्यामुळे संख्या आपल्या हातात राहते. सायप्रिनसचे तसे नाही. तो तळ्यात अंडी घालतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. ठिबक असेल तर तो टाळलेला बरा.

किती सोडायचे? नेहमीचे शेततळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असते. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, पण माशांचा हिशोब पृष्ठभागावर करतात. हेक्टरी ५,००० बोटुकली धरली तर आपल्या ९०० चौरस मीटरला साधारण ४५० बोटुकली येतात. ज्या गटाला मुख्यतः पाणी नीट ठेवायचे आहे, त्यांनी याच्यापुढे जाऊ नये. जास्त सोडले की खाद्य घालावे लागते, खाद्य घातले की विष्ठा वाढते, आणि सफाईला आणलेले मासेच घाण करतात. जिरे किंवा अगदी बारीक बीज स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तीन-चार इंची बोटुकली घ्या. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा, दोन्ही पाणी सारखे गार-कोमट होऊ द्या, मग तोंड उघडा.

पावसाळ्यात तळे भरले की मासे सोडणे सोयीचे. निफाडकडच्या थंडीत मासे खाणे कमी करतात, तेव्हा खाद्यही कमी करा. एप्रिलमध्ये पाणी चार-पाच फुटांच्या खाली जायला लागले की मासे काढून विका. उन्हाळ्यात उथळ, तापलेल्या पाण्यात ते एका रात्रीत मरू शकतात.

पाणी जास्त हिरवे झाले आहे का, हे पाहायला एक सोपी रीत आहे. लांब काठीला पांढरी ताटली बांधा आणि काठावरून हळूहळू पाण्यात सोडा. एक वीत जायच्या आतच ताटली दिसेनाशी झाली तर पाणी फार हिरवे आहे. अशा पाण्यातले शेवाळ रात्री प्राणवायू ओढून घेते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर खाद्य ताबडतोब थांबवा आणि ताजे पाणी उंचावरून पाडा.

शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. मासे असतील तर ती महागात पडते. मोरचूद माशांना घातक असते, आणि मेलेले शेवाळ सडून उरलासुरला प्राणवायू संपवते. त्यापेक्षा घाणीची वाट बंद करा. खताच्या गोण्या, फवारणीचे पंप तळ्यावर धुऊ नका. वरच्या शेतातले पाणी सरळ आत येत असेल तर बांध घाला. मोकळे तंतू जाळीने ओढून काढा आणि खतात टाका.

आणि एक गोष्ट, माशांपेक्षा मोलाची. अस्तराचा उतार शेवाळाने निसरडा होतो. त्यावरून घसरलेल्या माणसाला वर चढता येत नाही, मग त्याला पोहता येत असो वा नसो. खाद्य टाकायला, जाळी ओढायला बाया आणि मुलेच जातात. तळ्याला कुंपण हवे, चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवा, आणि हवा भरलेली एक ट्यूब काठावर बांधलेली हवी. एकटीने उतारावर पाय ठेवायचा नाही. गटाने मासे आणण्याआधी हा दोर आणावा.

हे मुळीच नको

आता त्या काळ्या माशाचे. दुकानात त्याला सकर किंवा टँक क्लीनर म्हणतात. तो दक्षिण अमेरिकेतला आहे. बोटभर असताना तो काचेवरचे शेवाळ चाटतो, म्हणून आवडतो. पण तो दीड-दोन फूट वाढू शकतो, आणि मोठा झाला की चाटतो थोडे आणि विष्ठा टाकतो फार. त्याच्या अंगावर हाडासारखे कडक कवच आणि काटे असतात. कंटाळून लोकांनी तो पाण्यात सोडला आणि तो पसरला. भीमेवरच्या उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, जाळी फाडतो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो इतर माशांची अंडी खातो आणि काठाला बिळे पाडतो. तुमच्याकडे असेल तर दुकानदाराला परत द्या. तो घेत नसेल तर मारून खड्ड्यात पुरा. वाईट वाटेल, पण पाण्यात सोडणे त्याहून वाईट आहे.

थायी मागूर कुजके काहीही खातो, म्हणून कुणी सुचवील. तो मूळचा आफ्रिकेतला आहे. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, कारण तो दुसऱ्या माशांना शिल्लक ठेवत नाही. चिलापी शेवाळ खातो हे खरे, पण त्याची वीण इतकी होते की तळे बोटभर चिलाप्यांनी भरून जाते.

विहिरीत कासव सोडले की पाणी शुद्ध राहते असे जुनी माणसे सांगतात. कासव मेलेले किडे-मासे खाते, यात तथ्य आहे. पण आपली देशी कासवे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. जमिनीवरचे तारा कासव तर विहिरीत बुडून मरते. दुकानात मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले रुपयाएवढे हिरवे कासव अमेरिकेतले आहे. ते ताटलीएवढे होते आणि पुढे कुणालाच नको होते.

पुलावरून टाकलेला मासा कुठे जातो

नाशिकला जाणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणी द्वारकेला गाडी बदलतात. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता तिथे भेटतात. पुण्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की नासर्डीचा पूल लागतो. नासर्डी पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला जाते, जिथे कादवा तिला भेटते. हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात ती ही जागा. २०१९ साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला, महाराष्ट्रातले पहिलेच. तिथून पाणी जायकवाडीला जाते.

द्वारकेजवळच्या पुलावरून कुणी नको झालेला सकर खाली टाकला, तर त्याच्यापुढे ही सगळी वाट मोकळी आहे. त्या वाटेवर भोई समाजाची आणि इतरांची कित्येक घरे माशांवर पोट भरतात. एका घरची टाकी साफ ठेवायला आणलेला मासा शंभर घरांच्या जाळ्यांना भोक पाडू शकतो. शेततळ्याच्या सांडव्यालाही म्हणूनच बारीक जाळी बांधा, पावसात आपले गवत्या आणि चंदेरा ओढ्याला लागू देऊ नका.

पुढच्या बैठकीत एवढे करा. गटातल्या प्रत्येकीने आपल्याकडे कोणते पाणी साठते ते सांगावे, आणि त्या पाण्याला आजचे चार प्रश्न लावून पाहावेत. आठवड्याला रिकामे होणारे भांडे असेल तर कोरडा दिवस. उपसता न येणारा हौद असेल तर गप्पी. जनावरांचा हौद असेल तर खराटा आणि चुना. शेततळे असेल तर आधी दोर आणि कुंपण, मग दोन-तीन आठवडे धीर, मग मोजकी बोटुकली. बीज कुठून घ्यायचे आणि महिलांसाठी कोणती योजना चालू आहे, ते नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. तिथे एकटीने न जाता गटाचा ठराव घेऊन दोघी-तिघींनी जा. काय सोडले आणि पाणी कसे झाले ते आम्हाला जरूर कळवा, तुमचा अनुभव बाकीच्या गटांना ऐकवू.